३० आठवड्यांची लेक, ताठ पाय आणि ‘चालेल का?’ हा प्रश्न

धायरीहून एका बाबांनी विचारलंय. लेक वीस महिन्यांची आहे. ३० आठवड्यांना जन्मली, वजन १२५० ग्रॅम, ४२ दिवस एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये. आता बसवलं की बसते, पण हात टेकून. पोटावर सरपटते. उभं केलं की टाचा वर आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर. एमआरआय झाला आणि फाइलवर ‘स्पास्टिक डायप्लेजिया’ असं लिहून आलं, म्हणजे मुख्यतः पाय ताठ असणारा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार. आजी म्हणते, आमच्या घरात सगळीच उशिरा चालली. एका नातेवाइकांनी स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींच्या इंजेक्शनांचा, काही लाखांचा कोर्स सुचवलाय. बाबांचे प्रश्न तीन: बाळंतपणात उशीर झाला म्हणून हे झालं का, ती चालेल का, आणि स्टेम सेल करून घ्यावं का.

मी चोवीस वर्षं पुण्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. तुमच्या लेकीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं तुम्ही जेवढं लिहिलंत तेवढ्याच आधारावर आहे.

तिन्ही प्रश्नांकडे येते, पण त्याआधी एक चौथा प्रश्न घेते. तो तुम्ही विचारला नाहीत. माझ्यासमोर बसलेले आईबाप पहिल्या दिवशी तो सहसा विचारतच नाहीत, चौथ्या-पाचव्या भेटीत दाराशी चप्पल घालताना विचारतात: “मॅडम, हे वाढत जाणार का?”

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे आपण सगळे ज्याला सीपी म्हणतो, तो एक आजार नव्हे. वाढत्या मेंदूला गर्भात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत कधीतरी इजा झाली आणि त्यामुळे हालचाल व शरीराचा तोल यांत कायमची अडचण आली, तर त्या सगळ्या प्रकारांना मिळून हे नाव आहे. मराठी कागदांवर ‘मेंदूचा पक्षाघात’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून लोकांना आजोबांचा लकवा आठवतो आणि उगाच धसका बसतो. सीपीमधली इजा एकदाच होते आणि थांबते. ती पसरत नाही, वाढत नाही.

पण मुलगी वाढते, आणि घोळ इथेच होतो. हाडं लांब होत जातात आणि ताठ राहणारे स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. मग पोटरी आखडते, मांडीच्या मागची शीर ओढली जाते, गुडघे वाकतात. सहाव्या-सातव्या वर्षी मूल एकदम उंच होतं आणि चाल बिघडते. आईबाप म्हणतात, डॉक्टर तर म्हणाले होते वाढणार नाही! डॉक्टर खरंच बोलले होते. मेंदूबद्दल बोलले होते. आपण जे काही करतो ते बहुतांशी या दुसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे इजा आहे तिथेच राहिली तरी वाढत्या शरीराने नवी अडचण उभी करू नये यासाठी.

एक अपवाद लक्षात ठेवा. आलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, बसत होतं ते बसेनासं झालं, बोलत होतं ते थांबलं, तर “सीपी आहे, चालायचंच” म्हणून गप्प बसू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे परत जा. सीपीसारखे दिसणारे पण वेगळेच असे काही आजार असतात.

आता बाळंतपणाचं. पाय ताठ आणि हात त्या मानाने बरे, असं का होतं हे समजलं की निम्मं उत्तर मिळतं. मेंदूच्या मध्यभागी पाण्याच्या पोकळ्या असतात. मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या तारा या पोकळ्यांना अगदी खेटून जातात, हातांच्या आणि चेहऱ्याच्या थोड्या बाहेरून. साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात याच पट्ट्याचा रक्तपुरवठा नाजूक असतो. त्या दिवसांत बाळाचं रक्तदाब-ऑक्सिजनचं गणित हललं, आईला किंवा बाळाला जंतुसंसर्ग झाला, की पहिला फटका तिथे बसतो. तुमच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘पेरिव्हेंट्रिक्युलर’ असा शब्द असेल, तर तो याच जागेबद्दल आहे. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना गुदमरलं तर इजेची जागा बहुधा वेगळी असते. कावीळ फार चढून इजा झाली तर आणखी वेगळी, आणि त्या मुलांचे पाय ताठ होण्यापेक्षा अंग वळवळत राहतं. म्हणजे तुमच्या लेकीच्या बाबतीत संशय ‘शेवटच्या अर्ध्या तासावर’ कमी आणि वेळेआधीच्या जन्मावर जास्त जातो. कुणाची चूक होती का, हे फिजिओने ठरवायचं नसतं आणि मी ठरवत नाही. पण तुमची बायको रात्री जागून “मी त्या दिवशी जिने चढले म्हणून...” असा हिशोब मांडत असेल, तर तो हिशोब चुकीचा आहे हे तिला आजच सांगा.

(हा वाद जुना आहे. लंडनच्या विल्यम लिटल या डॉक्टरांनी १८६१ मध्ये मांडलं की अवघड बाळंतपणामुळे ही मुलं अशी होतात, आणि बरीच वर्षं याला लिटलचा आजार म्हणत. मनोविश्लेषणाचे फ्रॉइड त्याआधी मेंदूरोगांचं काम करत होते. त्यांनी १८९७ मध्ये उलटी शंका काढली: अवघड बाळंतपण हे कारण नसून, बाळात आधीच काही बिघडलेलं असल्याचं लक्षण असेल तर? पुढे संशोधन बरंचसं फ्रॉइडच्या बाजूने गेलं.)

“चालेल का?” या प्रश्नाला मी हो-नाही असं उत्तर कधीच देत नाही, पण टाळतही नाही. अनुभवात आणि अभ्यासांत सगळ्यात भरवशाची खूण बसण्याची आहे. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत जमिनीवर आधाराशिवाय बसणारी बहुतेक मुलं पुढे कशा ना कशा प्रकारे चालतात. ‘कशा ना कशा’ यात मोकळं चालणंही आलं आणि वॉकर, काठी, बूट घालून चालणंही आलं. तुमची लेक हात टेकून बसते. मला हे कळायला हवं की समोर खेळणं ठेवलं तर एक हात उचलते का. दोन्ही उचलते का. उचलल्यावर किती वेळ टिकते आणि कोणत्या बाजूला कलंडते.

सीपीच्या मुलांची हालचाल पाच पातळ्यांत मांडायची एक पद्धत आहे. कॅनडात १९९७ मध्ये तयार झाली, आता जगभर वापरतात. फाइलवर ‘जीएमएफसीएस’ लिहिलेलं दिसेल. पहिली पातळी म्हणजे पळताना, जिना उतरताना थोडं अडखळणारं मूल; पाचवी म्हणजे मान धरायलाही आधार लागणारं. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून तुमची लेक दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या आसपास असावी. दुसरीतली मुलं पुढे आधाराशिवाय चालतात, लांब अंतर, खडबडीत रस्ता, गर्दी यांत अडतात. तिसरीतली घरात-शाळेत वॉकर घेऊन चालतात आणि तुळशीबागेत जायचं तर व्हीलचेअर लागते. पण दोन वर्षांच्या आत लावलेली पातळी बऱ्याच मुलांत पुढे बदलते, म्हणून तो आकडा आत्ता पेन्सिलीने लिहा. दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान परत बघून घ्या.

आजींच्या म्हणण्याबद्दल. ३० आठवड्यांची म्हणजे दहा आठवडे आधी आलेली, तर तिचं दुरुस्त वय वीस नव्हे, साधारण साडेसतरा महिने. तेवढी सूट तिला द्यायलाच हवी. पण घराण्यात उशिरा चालणारी मुलं मऊ पायांची असतात, टाचा टेकवतात, फक्त आरामात येतात. टाचा वर, पाय कात्रीसारखे, डायपर बदलताना मांड्या उघडत नाहीत, हे उशीर म्हणून सोडून द्यायचं नसतं. आजींशी वाद घालू नका. त्यांना पुढच्या सेशनला सोबत घेऊन जा. माझ्याकडे येणाऱ्या घरांत सगळ्यात शिस्तीने व्यायाम करून घेणाऱ्या बहुतेक आज्याच असतात, एकदा पटलं की.

आता मुख्य काम. आठवड्याला तीन सेशन, प्रत्येकी पाऊण तास धरला तर सव्वादोन तास होतात. तुमची लेक दिवसाला बारा तास जागी असते असं धरा, आठवड्याचे ८४. या ८४ तासांत ती कशी बसते, कशी उचलली जाते, कशी जेवते, यावर जेवढं होतं तेवढं माझ्या सव्वादोन तासांत होत नाही. ही नम्रता नाही, साधा गुणाकार आहे. आणि मेंदू तेच शिकतो जे तो स्वतः करून बघतो. मी तिचे पाय शंभर वेळा ताणले तर शंभर वेळा काम मी केलं. ती खेळण्यासाठी सोफ्याला धरून एकदा उठली तर काम तिने केलं. जुन्या पद्धतीचं नुसतं ओढणं-ताणणं आता मागे पडलंय ते यामुळेच.

घरात काय करता येईल? आपली कडेवर घ्यायची पद्धत उत्तम आहे. मूल कडेवर असलं की मांड्या आपोआप फाकतात, कात्री सुटते, पाठ तिला स्वतः सांभाळावी लागते. फक्त रोज एकाच कडेवर घेऊ नका. दोन्ही पाय जुळवून, बाळ आडवं धरून फिरवणं आता बंद. मांडी घालून बसायचा आग्रह नको. ताठ मांड्यांनी ती मागे पडते आणि घाबरते. पाटावर बसवा. पाट कमी पडला तर दोन पाट एकावर एक बांधा, उंची इतकी की गुडघे काटकोनात आणि तळवे पूर्ण जमिनीला. समोर चौरंग, चौरंगावर वाटी. जेवण, चित्र, पाणी ओतायचा खेळ, सगळं तिथे. हात कामात गुंतले की ती हात टेकवायचं विसरते, आणि आपल्याला तेच हवंय. दोन्ही पाय बाहेर टाकून मागे बसायची सवय दिसली तर ओरडू नका, तिला त्यात पक्कं वाटतं. पण दिवसभर तीच बैठक नको.

गोल चाकाचा, मधे कापडी चड्डी असलेला वॉकर घरात असेल तर तो काढून टाका. त्यात मूल चवड्यांवर ढकलत पळतं, म्हणजे जे आपल्याला घालवायचंय त्याचाच रियाज होतो. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्याच्या मागे उभं राहून, धरून, ढकलावं लागतं. तोही आत्ता नाही. ती धरून स्वतः उभी राहायला लागली की फिजिओला विचारून, पुढे वजन ठेवून. त्यापेक्षा मागून आधार देणारा वॉकर या मुलांना बहुधा जास्त उपयोगी पडतो, पण ते बघूनच ठरवायचं.

मालिश करणाऱ्या मावशींना बंद करा असं मी म्हणत नाही. कोमट तेल, हलका हात, आईची किंवा आजीची गप्पा मारत केलेली मालिश मुलाला बरं वाटण्यासाठी छान. मालिशीने आखडलेला स्नायू लांब मात्र होत नाही. आणि “मोकळं करते” म्हणून पाय जोर लावून ओढणं अजिबात नको. पायांवर वजन न घेणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात. मांडीचं हाड असं मोडलेलं मी दोनदा पाहिलंय.

टाचेसाठी बूट, ज्याला आमच्याकडे एएफओ किंवा स्प्लिंट म्हणतात, मापाचे करून घ्यावे लागतात आणि मूल वाढलं की बदलावे लागतात. काढल्यावर वीस मिनिटांनीही लाल डाग राहिला तर बूट चुकलाय, मूल नखरे करत नाहीये. बोटॉक्सबद्दल, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनबद्दल, कुणीतरी सांगेलच. ते चांगलं हत्यार आहे, निवडक स्नायूंत दिलं तर ताठरपणा साधारण तीन-चार महिने कमी करतं आणि मग उतरतं. त्या महिन्यांत प्लास्टर, बूट आणि व्यायामाची तयारी असेल तरच पैसे सार्थकी. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी गेलेली मुलं सहा महिन्यांनी जिथल्या तिथे परत येतात.

यानंतरचं मी जरा जड मनाने लिहितेय. कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा माझ्याकडे एक मुलगा यायचा. तिसऱ्या पातळीचा, हुशार, बोलका. आम्ही सगळे त्याच्या चालण्याच्या मागे लागलो होतो, पावलं मोजायचो. दोन वर्षं त्याच्या खुब्याचा एक्स-रे काढायला सांगायचं मला सुचलं नाही. तो मांडी फाकवताना रडायचा, मी त्याला आळस समजले. एक्स-रे निघाला तेव्हा एका बाजूचा खुबा निम्म्याहून जास्त बाहेर सरकला होता. मोठं ऑपरेशन झालं, वर्ष गेलं. त्याच्या आईने मला कधी दोष दिला नाही, तरी तो मी विसरलेले नाही.

खुबा सरकताना सुरुवातीला दुखत नाही, दिसत नाही. ताठ मांड्या हाडाच्या गोळ्याला हळूहळू वाटीबाहेर ओढतात. सीपीच्या साधारण तीनपैकी एका मुलात हे होतं. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत दुसऱ्या पातळीत सुमारे १५ टक्के, तिसरीत ४१, पाचवीत ९० टक्के मुलांत ते दिसलं. वेळेत सापडलं तर छोट्या उपायांत भागण्याची शक्यता बरीच असते. कमरेचा समोरून काढलेला एक्स-रे, मूल पाठीवर झोपलेलं, पाय सरळ आणि गुडघे वर बघणारे, एवढंच लागतं. पहिला झाला नसेल तर या महिन्यात काढा. पुढे पातळीप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. बाकी सगळं वाचून विसरलात तरी हा एक्स-रे विसरू नका.

त्याच दमात डोळे आणि कान. कमी दिवसांच्या मुलांत तिरळेपणा आणि बघण्याच्या अडचणी खूप असतात. समोरचं दिसतं पण पायरी कळत नाही, असंही असतं, आणि त्याचा दोष पायांवर जातो. फिट येण्याचं प्रमाण सीपीत साधारण चारात एक आहे, डायप्लेजियात त्या मानाने कमी. बुद्धीचं म्हणाल तर सीपी असलेल्या निम्म्या मुलांची बुद्धी इतरांसारखीच असते. तिच्याशी तिच्या वयाचं बोला. माझ्याकडे चार-चार वर्षांच्या मुलांशी लोक सहा महिन्यांच्या बाळासारखं बोलतात, मुलं वैतागतात आणि मग त्यांना चिडकी म्हणतात.

स्टेम सेल. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर बाकी कशासाठीही स्टेम सेल द्यायच्या तर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत, नेहमीचा उपचार म्हणून नाही. आणि खऱ्या चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. कुणी काही लाख मागतंय यातच उत्तर आलं. संशोधन चालू आहे, उद्या काही निघालं तर मीच पहिली तुम्हाला सांगेन. “पण त्यांच्या मुलाला फरक पडला” हे मी नाकारत नाही. त्या कोर्सबरोबर रोज तीन-चार तास कसून थेरपी असते आणि मूल दीड ते चार या वयात असतं. या वयात सीपीची मुलंही झपाट्याने शिकतात, हालचालीची बरीचशी कमाई पाच वर्षांच्या आत होऊन जाते. फरक पडतो, श्रेय इंजेक्शन घेतं. बंद कक्षात बसवून जास्त दाबाने ऑक्सिजन देतात, त्याचंही तेच. कॅनडातल्या २००१ च्या चाचणीत ऑक्सिजन घेतलेली आणि नुसत्या किंचित दाबाच्या हवेत बसवलेली, दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली होती. ते लाख बूट, वॉकर, चांगली थेरपी, घराला लागणारा कठडा, यांसाठी ठेवा. पुढची पंधरा वर्षं लागणार आहेत.

तुम्ही जाता जाता लिहिलंत की बायकोने खराडीची नोकरी सोडली. निर्णय तुमचा, पण एक बघितलेलं सांगते. आई चोवीस तासांची थेरपिस्ट झाली की मुलीला आई उरत नाही. आंघोळ तुमच्याकडे घ्या. कोमट पाण्यात पाय सैल पडतात, तेव्हाच मांड्या फाकवण्याचा खेळ होतो, वीस मिनिटं. ते तुमचं खातं.

पुण्यात सुरुवात कुठून करायची? रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं मुलांच्या विकासाचं केंद्र जुनं आहे. दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळांचा १९८७ पासून अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा करणारा अभ्यासही तिथलाच, म्हणजे तुमच्या लेकीसारखी मुलं मोठी झालेली त्यांनी पाहिलीयत. सरकारी बाजूला ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’त जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार येतात, अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा. खासगीत जात असाल तर एकच कसोटी: सेशनच्या शेवटी थेरपिस्ट तुम्हाला घरी करायची एक गोष्ट शिकवतो का. दार बंद करून मूल आत नेत असेल तर दुसरा बघा.

कागद लवकर करा, लाजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सीपी आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. लहान वयात दाखला बहुधा मुदतीचा देतात, त्याने निराश होऊ नका. तो मिळाला की राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना घ्या. वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो, जो नेहमीच्या मेडिक्लेममध्ये सहसा येत नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वर्ग तळमजल्यावर मागायला तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

मला परत लिहाल तेव्हा एवढं कळवा: हात सोडून किती सेकंद बसते, डोळ्यांची तपासणी कधी झाली, आणि खुब्याचा एक्स-रे निघाला का. जमलं तर पाटावर बसून जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, समोरून नको, बाजूने. बाजूने पाठ दिसते.